पंख्याचा चुकलेला पत्ता

मित्रांनो, मी चाकणच्या एका कारखान्यातला जुना संगणक आहे. इथे मोटारींचे भाग रंगवतात. कोणत्या यंत्राचा प्रोग्राम कोणत्या संगणकावर चालतो, याची नोंदवही माझ्याकडे असते. प्रोग्रामची जागा बदलली की तो मला कळवतो आणि मी जुना पत्ता खोडतो.

हे काम मला इथले संगणक सांभाळणाऱ्या तनुजाताईंनी शिकवलं. त्या वाकडहून येतात. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. पुढे मला जिन्याखालच्या कपाटात ठेवलं आणि सगळे विसरले. अंगावर धूळ साचली. मी तापू लागलो. आलेला निरोप ऐकू येई, पण कधी कधी लिहिताच येत नसे. तेव्हा मला धडकी भरे.

ताई मालकांना म्हणाल्या, "दादासाहेब, सगळे पत्ते एकाच संगणकावर ठेवणं धोक्याचं आहे. तीन हवेत. एक चुकला तर बाकीचे दोघे सांभाळतील."

"चाललंय की नीट," दादासाहेब म्हणाले. "दिवाळीनंतर बघू."

त्याच आठवड्यात रंगखोलीतली वाफ बाहेर ओढणाऱ्या पंख्याचा प्रोग्राम नव्या संगणकावर नेला. नव्या संगणकाने मला पत्ता कळवला, पुन्हा पुन्हा कळवला. माझा हात चालेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंख्याचा पट्टा तुटला. आत मारुतराव रंग मारत होते. धोक्याच्या भोंग्याने मला विचारलं, "पंख्याची खबर कुठे मिळेल?" माझ्याकडे जुनाच पत्ता होता, तोच मी दिला. तिथे कालची नोंद पडून होती: पंखा चालू. भोंगा गप्प राहिला. पत्ता जुना आहे हे मला कळत होतं, पण नवा लिहिता येत नव्हता; आणि आत एक माणूस गुदमरत होता.

ताई काचेसमोरून जात होत्या. मारुतराव भिंतीला टेकून खाली बसलेले दिसले. श्वास रोखून त्या आत शिरल्या आणि त्यांना ओढत बाहेर आणलं.

"डोकं गरगरतंय, ताई," बऱ्याच वेळाने मारुतराव म्हणाले. "पंखा बंद हाय का?"

"बंद आहे. आम्हाला कळलंच नाही."

दादासाहेब धावत आले. "ते आणखी दोन संगणक आजच मागवा," एवढंच ते बोलले.

मारुतराव दोन दिवस दवाखान्यात होते. आता मला दोन सोबती आहेत. आम्ही पत्ते एकमेकांशी ताडून पाहतो. खबर शिळी असली तरी भोंगा वाजतो. तरीही मारुतराव आत जाताना पंख्याच्या जाळीपाशी हात धरून वारा लागतो का ते बघतात. मला त्याचं वाईट वाटत नाही.

मित्रांनो, आमची धूळ पुसत जा. आणि आम्ही सांगितलेलं एकदा स्वतः जाऊन बघत जा. मला अजून भीती वाटते.