धनीबाईचा अंगठा

या, असे जवळ सरकून बसा. काल्याच्या कीर्तनाले अजून घटकाभर अवकाश आहे. मृदंगवाला बाहेर चहा पिऊन राह्यला. तवर एक गोष्ट सांगतो. गोष्ट दहाच्या नोटेची आहे, पण पैशाची नाही.

मी मारोती. झरी जामणीकडच्या आमच्या गावात सप्ताह बसला की आरतीचं ताट फिरवायचं काम माझं. एकवीस वर्षं झाली. ताटात निरांजन, कुंकवाची ओली वाटी, अन् जो तो आपल्या परीनं दक्षिणा टाकतो. दोन वर्षांमागच्या काल्याले धनीबाई आली. जंगलात बिडीसाठी तेंदूपत्ता तोडणारी बाई. सही येत नसे, पण कीर्तनात एखादा टाळ मागं पडला तर सगळ्यांत आधी तिले कळायचं. तिनं कपाळाले कुंकू लावलं अन् तोच अंगठा ताटात टाकायच्या दहाच्या कोऱ्या नोटेवर दाबला.

"मारोतीभाऊ, देवाच्या कागदावर अंगठा देल्ला मी. आता देव पलटू शकत नाही," म्हणे अन् हसली.

आमचे कीर्तनकार बापूजी. त्यांनी ती नोट खर्चली नाही. पोथीत ठेवून दिली.

पुढच्या वैशाखात धनीबाई गेली. मागं फोटो एकही नाही. नात पायल साऱ्या तालुक्याच्या लग्नांचे फोटो काढते, पण आजीकडं कॅमेरा वळला की आजी पाठ फिरवायची. "माह्यं काळं थोबाड पाहून तुही मशीन रुसन, पोरी." आधार कार्डावर फोटोच्या जागी एक काळा डाग होता, तो कोणाचाही असू शकला असता.

मागच्या सालच्या सप्ताहात पायल बापूजींकडं आली. "बापूजी, आजीची नोट आहे नं तुमच्याजवळ? तिचं एवढंच उरलं. मले तिचा फोटो काढायचा आहे."

देवळाच्या ओट्यावर सकाळच्या उन्हात बापूजींनी पोथी उघडली. आता माझी खोड ऐका. पोथीतून काही निघालं की त्याले कुंकू लावायचं, हे माझ्या हाताले न सांगता येते. बोट वाटीत बुडवून मी नोटेपर्यंत नेलंही होतं. पायलनं मनगट पकडलं.

"काका! आजीले पुसता काय?"

मी बोट तसंच मागं घेतलं. एका टिळ्यानं ती बाई दुसऱ्यांदा गेली असती.

मग पायलनं फोटो काढला अन् मोठा करून दाखवला. काय सांगू तुम्हाले! नोटेवर डाव्या-उजव्या छपाईच्या मधात कोरी जागा असते नं, बरोबर तिथं अंगठा पडलेला. रेघा अशा जशा नांगरलेल्या वावराच्या, अन् मधून आडवा एक पांढरा बांध. विळा लागल्याचा वण तो. मीच त्या वेळी हळद दाबून चिंधी बांधली होती.

पायलनं नोट सूर्यासमोर धरली. कुंकवाच्या लाल रेघांमागून, कोऱ्या जागेतून, गांधीबाबांचा चेहरा सावलीसारखा वर आला.  तीस वर्षं निरूपण करणारे बापूजी हात जोडून उभे. मग म्हणाले, "आपण ज्या जागेले कोरी म्हणतो, तिथंही कोणी बसलेलं असते गा."

पायलनं तिथंच ठरवलं. काल्याच्या दिवशी हा फोटो दरवाजाएवढा करून मांडवात लावायचा.

आम्ही वणीले गेलो. छपाईवाला धम्मरत्न फोटो पाहून खुर्चीवरून उठलाच. "ताई, अंगठा सुंदर आहे. पण नोट मी मशीनवर घेत नाही. माह्या लेकराईले बाप घरी पाहिजे, जेलात नाही."

"चोरी आहे काय ही?" पायल तडकली.

तिथून वकील इंद्रजित यांच्याकडं. त्यांनी चष्मा पुसला अन् शांतपणे सांगितलं, "फोटो काढू नये असं कलम मले तरी दिसत नाही. गोष्ट अडते छापण्यावर. नोटेसारखा दिसणारा कागद तयार करणं गुन्हा आहे. दंड तीनशे रुपयांपर्यंत."

"तीनशेच? मग भरून टाकू!" बापूजी खिसा चाचपू लागले.

"बापूजी, तुमचं कीर्तन लांबते तसं कलमही लांबते. उद्या कोणी खोट्या नोटेचं कलम लावलं तर जन्मठेपेपर्यंत जाते. कला म्हणून केलं, हे कोर्टाले पटेलही. पण पटेपर्यंत पोरीनं चकरा मारायच्या काय?"

"मग आजी?" पायलनं विचारलं.

"आजी म्हणजे अंगठा. कोऱ्या जागेवरचा तेवढाच छापा. आकडा नको, अक्षर नको, किनार नको, अन् तो उन्हातला चेहरा तर नकोच. भोवती हातभर पांढरं सोडा. नोट वाटलीच नाही पाहिजे."

पायल रडली. "पण तिनं नोटेवरच देल्ला होता नं अंगठा."

बापूजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "नोट देवाले पोचली, बाई. अंगठा तुले ठेवला तिनं."

यात गुन्हा नाही असं वकिलांनी कागदावर लिहून दिलं तेव्हा धम्मरत्ननं छापलं. पैसे घेतले नाही.

काल्याच्या सकाळी पडदा सरला. मांडवात हजार माणूस, अन् टाळाचा आवाज जागीच थांबला. दरवाजाएवढा लाल अंगठा! कोणी शेत म्हणे, कोणी नदी. मी मात्र मांडवाच्या तोंडाकडं पाहत होतो, पोलीस येते काय म्हणून.

तेवढ्यात शकुबाई उठली. धनीबाईसंगं चाळीस वर्षं पानं तोडलेली म्हातारी. ती तशीच चालत गेली, त्या पांढऱ्या वणावर हात फिरवला. "धनी वं... इथं हायेस होय?"

अन् वळून तिनं माझ्या ताटातल्या कुंकवात अंगठा बुडवला अन् बाजूच्या पांढऱ्या जागेवर टेकवला. माझी खोड तिलेही! मी पायलकडं पाहिलं. पायल नाही म्हणाली नाही. मग रांग लागली. लेकुरवाळ्या, म्हातारे, धम्मरत्न, सगळ्यांचे अंगठे धनीबाईच्या भोवती. हातभर पांढरं होतं ते भरून गेलं.

इंद्रजित वकील माझ्या कानात म्हणाले, "आता याले कोणी नोट म्हणून तर दाखवावं." अन् चष्मा सावरत वाटीत अंगठा घातला.

पायलनं ते पुसू दिलं नाही. पाहा, तुमच्या पाठीमागं लावलं आहे तेच ते. नोट पोथीत आहे. उन्हातला चेहरा मात्र छापला नाही, म्हणून तोंडानं सांगावा लागते.

मृदंग लागला, उठा. आता मी ताट घेऊन तुमच्यापर्यंत येईन. कुंकवात अंगठा बुडवाल, तेव्हा एक क्षण थांबा अन् आमच्या धनीबाईची आठवण काढा. एवढं मागणं आहे.