चार सेकंदांची टकटक

इंजिनिअर आणि डॉक्टरीणबाई यांचं सहा वर्षांत एकदाही एकमत झालं नव्हतं, आणि तरी त्यांचं यंत्र तयार झालं होतं. बाईंना रोगी दिसायचा, ह्याला झडप. तो म्हणायचा, "तुम्हाला सगळं कालच हवं असतं." त्या म्हणायच्या, "आणि तुमचं उद्या कधी उजाडतच नाही." असं भांडत भांडत दोघांनी उशीएवढी एक पेटी केली. थकलेल्या फुफ्फुसांचा माणूस श्वास घ्यायला लागला की पेटीला ते कळायचं आणि ती नाकातल्या नळीतून हवेचा हलका धक्का द्यायची. धक्क्याबरोबर आतली झडप टक करायची, म्हणून नर्सेसनी तिचं नाव टकटक ठेवलं होतं.

आता चाचणी सुरू होती. चाळीस रोगी, चाळीस पेट्या. त्यांतल्या वीस खऱ्या, आणि वीस नेहमीसारखा साधा ऑक्सिजन सोडणाऱ्या. कुणाच्या उशाशी कुठली, हे रोग्याला ठाऊक नाही, डॉक्टरला नाही आणि इंजिनिअरलाही नाही. यादी दुसऱ्याच इमारतीत कुलपात होती.

"साध्या पेट्यांनीही टक करायला हवं," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "नाहीतर पहिल्याच दिवशी बिंग फुटेल."

खऱ्या पेटीसाठी सहा वर्षं घासणाऱ्या या माणसाने ते काम घरी निघता निघता पंधरा मिनिटांत उरकलं. दर चार सेकंदांनी एक टक. "कुणाच्या बापाला कळायचं नाही," असं म्हणून त्याने दिवा बंद केला. हुशार माणसं आळस करतात तेव्हा तोही अगदी नेमक्या जागी करतात.

या सगळ्याची सुरुवात त्याच्या आईपासून झाली होती. जिना चढताना ती दर चौथ्या पायरीला थांबायची आणि आपण भिंत बघतोय असं दाखवायची. चाचणीत तिला घ्यायचं की नाही यावर समितीने दोन आठवडे काथ्याकूट केला. शेवटी परवानगी दिली, पण मुलाने पेटीला हात लावायचा नाही या अटीवर. निम्म्या पेट्या साध्या आहेत हे आईला नीट समजावून सांगितलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं, सही केली आणि सुनेच्या कानात म्हणाली, "त्याने माझ्यासाठी चांगलीच निवडली असणार."

तिसऱ्या दिवशी दुपारी तो तिच्याजवळ येऊन बसला. आई डोळे मिटून पडली होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईंची पेटी त्यांच्या श्वासाच्या मागेमागे चालत होती. बाई खोकल्या की ती गडबडायची, त्या शांत झाल्या की सावरायची. आईची पेटी मात्र कशालाच बधत नव्हती. आई भराभर श्वास घेत होती आणि पेटी आपली टक, मग चार सेकंद, मग टक. त्याने मनगटावरच्या घड्याळात पाच मिनिटं मोजली आणि तो डॉक्टरीणबाईंना शोधायला उठला.

त्या त्याला वॉर्डबाहेरच्या व्हरांड्यात भेटल्या.

"आईच्या पेटीबद्दल मला एक..."

"एक शब्द बोलू नका," त्या म्हणाल्या. पण त्याचा चेहरा बघून त्यांना जे कळायचं ते कळलं असावं, कारण त्यांनी हातातली फाइल उगाच उघडली आणि मिटली.

"तिला चाचणीतून काढा."

"काढते. पण जो कुणी बाहेर पडेल त्याला साधाच ऑक्सिजन मिळेल. यंत्राला अजून परवानगी कुठे आहे?"

"एक पेटी तरी..."

"ती चालते हेच अजून आपल्याला माहीत नाही."

"मला माहीत आहे."

"मग चाळीस माणसं कशाला धरलीत?" त्या हळूच म्हणाल्या.

तो वळून निघून गेला आणि आई चाचणीतच राहिली. इतक्या वर्षांत त्यांचं पहिल्यांदा एकमत झालं ते इथे.

नवव्या दिवशी तो आला तेव्हा आईचे गाल आत गेले होते. पण तिच्या श्वासाबरोबर पेटी टक करत होती, अगदी जोडीने. त्याला वाटलं, आपलंच चुकलं, ही खरी पेटी आहे. आनंदाने तो रडायच्या बेतात आला. मग त्याची नजर आईच्या बोटाकडे गेली. चादरीवर बोट उचलून ती टक होण्याची वाट बघत होती. टक झाली की बोट खाली यायचं, आणि मगच ती श्वास घ्यायची.

"आई, हे काय करतेयस?"

"आधी जमत नव्हतं रे," ती थांबत थांबत म्हणाली. "ती एकीकडे, मी एकीकडे. आता जमलं. शेजारची बघ कशी बाईंच्या मागे धावते, लाडावलेली. आपली शिस्तीची आहे. तू केलीस म्हटल्यावर असणारच."

"तू तुझ्या चालीने श्वास घे. पेटीकडे लक्ष देऊ नकोस."

"तुझ्या डॉक्टरीणबाईही रोज हेच सांगतात. मी हो म्हणते." ती हसली. "त्या रोज सकाळी सगळं लिहून नेतात. माझ्यामुळे तुझं यंत्र नापास व्हायला नको."

त्याने तोंड उघडलं. ही पेटी साधी आहे, आई, एवढंच सांगायचं होतं. पण सांगून तिच्या हातात काय पडणार होतं? तोच साधा ऑक्सिजन, आणि वर हे, की चाळिसांतून तिच्या वाट्याला आलेलं मुलाचं काम म्हणजे पंधरा मिनिटांत उरकलेली हीच टक. कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. आईला कळलं होतं, पेटी आपल्या मागे येत नाही ते, आणि तिने ते आपल्या परीने सांभाळून घेतलं होतं.

"दमलीस का?" त्याने विचारलं.

"तू सहा वर्षं दमलास. मला एवढं जमणार नाही?"

तिच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या. चार सेकंद तिला झेपत नव्हते. तरी डोळे मिटून, बोट उचलून ती पुढच्या टकसाठी थांबून राहिली, आणि तो शेजारी बसून तिच्याबरोबर वाट बघत राहिला.