‘हो’वरची टिक

पुसदला घरी बसून मी पुण्याच्या एका कंपनीच्या अ‍ॅपचं डिझाइन करते. कोणतं बटण कुठे, कोणतं वाक्य आधी, हे माझं काम. अ‍ॅपमध्ये काय असावं नि काय नसावं, हे नयन ठरवतो. तो प्रॉडक्ट मॅनेजर. मूळचा उमरखेडचा, कॉलेजात माझ्या पुढच्या वर्गात होता. बाळ झाल्यावर मला घरून काम मिळालं ते त्याच्यामुळे. मीटिंगमध्ये बाळ रडलं की तो मुद्दाम मध्येच बोलायला लागतो, म्हणजे माझा माईक बंद करायला मला सवड मिळते.

अ‍ॅप फवारणीचं आहे. पिकाचा फोटो टाकला की औषध सुचवतं, तिथूनच मागवता येतं. मागवण्याआधी एक प्रश्न नयननं आणि मी मिळून घातला होता: ‘हातमोजे आणि मास्क आहेत का?’ ‘नाही’ म्हटलं की अ‍ॅप पुढे सरकत नसे. वरच्यांनी तेव्हा हरकत घेतली नाही. त्यांना वाटलं, सगळे ‘हो’च दाबतील.

आमच्याकडच्या माणसांनी ‘नाही’ दाबलं. नव्हतेच, तर काय दाबणार? तांड्यावर माझ्या सासऱ्यांनीही तेच केलं, आणि कुरकुरत का होईना, मोजे आणले. बाकीच्यांनी अ‍ॅप बंद केलं नि दुकानातून औषध नेलं. कंपनीची विक्री बसली.

सोमवारी नयनचा फोन आला. “रंजिता, आपल्याला तो प्रश्न जरा सोपा करायचाय.”

“सोपा म्हंजे?”

“प्रश्न राहील. फक्त ‘हो’वर टिक आधीच केलेली असेल.”

एरवी आम्ही दोघंच असलो की तो वऱ्हाडीत बोलतो. “पुण्याची मराठी कायले बोलून राह्यला माह्यासंग?” मी विचारलं.

तो हसला नाही. “काय करू मंग? लय भांडलो मी. वरचे ऐकतच नाही.”

“त्यापेक्षा काढूनच टाक न तो प्रश्न. उद्या कोनाले काही झालं, तर कंपनी म्हनन, त्यानंच सांगतलं मोजे आहेत म्हनून.”

“वकिलानं तेच्यासाठीच ठेवाले सांगतलं.”

“अन् तू हो म्हनलं?”

“तू नाही केलं तर हापिसातली सुरभी इथं बसल्याबसल्या करून देते. मंग मले विचारतीन, घरी बसलेली ती बाई कायले पाहिजे?”

धमकी नव्हती ती. तो नेहमीसारखाच मला सांभाळून घेत होता.

मी टिक जरा मोठी, लाल केली. निदान कुणी थांबून बघेल. नयननं परत पाठवली: बारीक कर, हिरवी कर. केली.

पुढच्या रविवारी बाळाला घेऊन तांड्यावर गेले. सासरे वावरातून आले, पाठीवर पंप, हात उघडे.

“बाबा, मोजे कुठं?”

“फाटले.”

“मग अ‍ॅपवर ‘नाही’ दाबायचं होतं न?”

“पुसलंच नाही त्यानं! एक बटन दाबलं का औषध तांड्यावर. आधी लय मास्तरवानी करे. तू सुधरवलं न, बेटा?” आणि कौतुकानं हसत त्यांनी बाळाकडे हात पुढे केले.

मी बाळ मागे ओढलं. “आधी साबणानं धुऊन या.”

धुऊन आले. मी हातांचा वास घेतला, परत पाठवलं. पुन्हा आले, वास होताच. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा ते गेलेच नाहीत. ओट्यावर टेकले, खिशातून फोन काढला आणि शेजारच्या देवीलालला हाक मारली.

“ये बे, तुह्या फोनात बी टाकून देतो. आमच्या सुनेनं बनवलं हाय.”