लुकेर्याच्या वाटणीचं लाल अंडं

आमचे सरकार, जनरल प्रिन्स तुरोव्हस्कोय, मोठ्या घराण्यातले. लहानपणी बूटसुद्धा नोकर चढवायचे. पण तुर्कांशी लढताना डॅन्यूब नदीकाठी तोफ रुतली तेव्हा डाव्या दंडावर तलवारीचा वार असताना ते शिपायांबरोबर चिखलात उतरले. मी त्यांचा ऑर्डर्ली, दिमतीचा शिपाई. माझ्या शेजारीच दोर ओढत होते.

ईस्टरला ते पहिल्या कंपनीतल्या प्रत्येक शिपायाच्या गालांची तीनदा चुंबनं घेत आणि हातात लाल अंडं ठेवत. बाकीचे जनरल चार-पाच जणांवर उरकतात. आमच्या सरकारांनी बावीस वर्षांत एक माणूस गाळला नाही. ती अंडी माझी बायको लुकेर्या, सरकारांची लुशा, कांद्याच्या सालींत रंगवायची.

यंदा ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत ती तापाने गेली.

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी मी अंडी चुलीवर ठेवली. लक्ष नव्हतं. निम्मी फुटली. बावीस वर्षांचा नेम तिच्या माघारी माझ्या हातून मोडणार, या विचाराने मी खाली बसलो.

सरकार दारात आले. "येव्सेय, तुर्कांनी गोळे टाकले की काय रे?"

"अंडी फुटली, सरकार. निम्मे शिपाई रिकाम्या हाताने जातील."

"मठातून टोपलीभर मागव. लुशा कशी करायची?"

"थंड पाण्यात सोडायची. मंद आचेवर. तुम्ही जा, हे तुमचं काम नव्हे."

"सत्तर वर्षं हेच ऐकतोय," म्हणत त्यांनी कोट काढला. "साली कुठे आहेत?"

दुसऱ्या दिवशी मैदानात ओसिप शिपाई म्हणाला, "सरकार, तुमची बोटं लाल झालीत!"

"तुझ्या नाकाएवढी नाहीत. गाल पुढे कर."

एकशे अठरा माणसं झाली. टोपलीत एक अंडं उरलं. मला वाटलं, माझं. सरकार ते घेऊन थेट चर्चमागच्या दफनभूमीत गेले. मागोमाग कर्नल, कॅप्टन, सगळे. लुकेर्याच्या थडग्यापाशी त्यांनी टोपी काढली आणि अंडं मातीवर ठेवलं.

"ख्रिस्त उठला आहे, लुकेर्या सिसोयेव्हना."

बापाच्या नावासकट हाक घरंदाज बायकांना मारतात. तिचा बाप सिसोय जमिनीबरोबर विकला गेलेला माणूस. जन्मभर तिला कोणी तशी हाक मारली नव्हती.

ईस्टरच्या या अभिवादनाला समोरच्याने उत्तर देण्याची रीत आहे; ते तिने द्यायचं होतं. मी टाचा जुळवल्या, छाती पुढे काढली आणि सगळ्या अधिकाऱ्यांना ऐकू जाईल असं तिच्या वतीने म्हणालो, "खरोखर उठला आहे, सरकार!"