दुहेरी काच, काळी फिल्म

फिल्मवाल्याच्या घरी फोन वाजला की तो उचलायचा मान त्याच्या बायकोचा. तो दिवसभर लोकांच्या खिडक्यांच्या काचांना ऊन अडवणारी फिल्म चिकटवत शिडीवर, एका हातात साबणाच्या पाण्याचा फवारा, दुसऱ्यात रबरी पट्टी. त्याला बोलायला फुरसत कुठली? आणि खरं सांगायचं तर बोलणं हा त्याचा प्रांतच नव्हता. "घरच्या खिडकीला फिल्म लावली तर काचेला काही होत नाही ना हो?" असं कुणी विचारलं, की "बघावं लागेल" एवढं म्हणून स्वारी गप्प. अशाने गिऱ्हाईक टिकतंय होय! म्हणून फोन तिच्याकडे गेला, आणि तिने तो असा काही सांभाळला की तो तिला मॅनेजरबाई म्हणू लागला.

मॅनेजरबाईंचे प्रश्न ठरलेले असत. काच एकेरी की दुहेरी? ऊन थेट येतं का? फिल्म किती काळी हवी? दुहेरी काच, थेट ऊन आणि काळी फिल्म हे तिन्ही जुळून आलं की ती सरळ नाही म्हणायची. काळी फिल्म ऊन पिते, दोन काचांमध्ये कोंडलेली हवा ती ऊब बाहेर जाऊ देत नाही, काच मध्ये तापते, चौकटीतली कड मात्र थंडच राहते, आणि त्या ओढाताणीत ती एक दिवस कडेपासून तडकते, हे ती न कंटाळता प्रत्येकाला समजावून सांगायची. "काम नकोय असं नाही," ती वर म्हणायची, "पण तुमची काच तडकलेली मला बघवणार नाही."

मग ती आजारी पडली. दुखणं डोक्यात शिरलं आणि तिला उजेड सोसेना. समोर एक पांढरीशुभ्र इमारत होती. तिच्या भिंतीवरून उजेड उसळून थेट पलंगावर यायचा आणि ती डोळ्यांवर ओलं फडकं घेऊन कण्हत पडायची. पडदा लावावा, तर तेही नको.

"पडदा ओढलात की पेटीत घालून ठेवल्यासारखं वाटतं मला," ती म्हणायची. "रस्ता तरी दिसू दे."

फिल्मवाल्याने फिकी फिल्म लावून पाहिली. काही उपयोग झाला नाही. बाहेरच्या बाजूने लावली तर काच कमी तापते, पण घर वरच्या मजल्यावर, पाय ठेवायला जागा नाही. राहिली आतून लावायची काळी फिल्म. आणि त्यांच्या खिडकीची काच होती दुहेरी. रस्त्याच्या गोंगाटाला वैतागून त्यानेच हौसेने बसवून घेतली होती.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी त्याला आणि मुलीला बाहेर बोलावून घेतलं. "हिवाळा निघाला तर नशीब समजा," ते म्हणाले. मुलगी जिन्यात रडली, तोंड धुऊन आली आणि आईला म्हणाली, "आई, डॉक्टर खूश आहेत तुझ्यावर." फिल्मवाला मागे उभा राहून मान डोलावत होता. तिला यातलं अक्षरही कळू द्यायचं नाही, असं दोघांनी ठरवलं होतं. तो एरवीही बोलत नसे, त्यामुळे त्याला हे सोपं जाईल असं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने काळी फिल्म लावली. ऊन समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून या खिडकीत उतरतं ते उन्हाळ्यात. तोवर काचेला धोका नाही, एवढाच विचार त्याने केला. हा विचार कुठे जाऊन पोहोचतो, हे त्याच्या हातांना कळलं असेल, डोक्याला कळलं नाही. जन्मात केलं नसेल असं सुबक काम त्याने केलं. एक बुडबुडा राहू दिला नाही.

तिने फडकं काढलं. हळूहळू डोळे उघडले. "अहो, रस्ता दिसतोय!" ती म्हणाली, आणि बघता बघता तिला समोरच्यांचे वाळत घालून विसरलेले कपडेही दिसले, कोपऱ्यावरचं भांडणही दिसलं. ते चार दिवस घरात हसू होतं.

पाचव्या दिवशी फोन वाजला. तो घरीच होता, पण तिने हात पुढे केला. एका बाईंना घरच्या खिडक्यांना फिल्म लावायची होती. मॅनेजरबाईंनी उशीला टेकून आपले प्रश्न विचारले. "दुहेरी आहे? मग घाई करू नका. उन्हाळ्यात ऊन कुठवर येतं ते बघा आणि मग फोन करा. मी आहेच की."

फोन ठेवला आणि ती खिडकीकडे बघत राहिली. बराच वेळ.

"आपली काच कसली हो?" तिने विचारलं.

"दुहेरी," तो म्हणाला.

"फिल्म?"

"काळी."

"आणि ऊन?"

त्याने काचेची कड बोटाने पुसली.

"उन्हाळ्यात येतं," तीच म्हणाली. "म्हणजे उन्हाळ्यात ही तडकणार. तुम्ही कधी कुणाच्या घरी असं काम केलं नाहीत. शिव्या खाल्ल्या, पण केलं नाहीत." तिचा आवाज अगदी साधा होता. "मी उन्हाळ्यात नसणार, असं म्हणाले का डॉक्टर?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. एखादं वाक्य पुरलं असतं. पण तो पलंगाच्या कडेला बसून लहान मुलासारखा रडला. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. आपल्या मरणाची बातमी तिला अशी कळली, नवऱ्याच्या कामातली चूक पकडताना.

"काढा ती," ती म्हणाली.

"अगं, डोळ्यांना सोसायचं नाही तुला."

"काढा म्हणते ना. मी उन्हाळ्यात इथेच आहे असं धरून काम करा. परक्यांच्या काचेची काळजी करता, आणि माझ्या वेळेला हात टेकलेत?"

त्याने केस वाळवायच्या मशीनने काचेला जपून ऊब दिली आणि फिल्म सोलली. पांढरा उजेड पुन्हा खोलीत घुसला. तिने डोळ्यांवर फडकं ओढलं. "कडेला गोंद राहिलाय बघा," ती फडक्याखालून म्हणाली. तिला तो दिसत नव्हता. त्याच्या हुंदक्यांवरून काम अर्धवट राहिल्याचं तिने ओळखलं असावं.

त्यानंतर तिने पुन्हा रस्ता पाहिला नाही. दुखत असे, फार दुखत असे, पण फिल्म लावा म्हणाली नाही. थंडी ओसरू लागली तेव्हा ती गेली.

उन्हाळ्यात एका सकाळी ऊन समोरच्या गच्चीवरून उतरलं आणि तिच्या रिकाम्या पलंगावर पसरलं. फिल्मवाल्याने सवयीने काचेच्या चारही कडांवरून बोट फिरवलं. बारीकशीही चीर नव्हती. त्याला त्या काचेचा राग आला. ती फिल्म राहिली असती तरी तिच्या डोळ्यांदेखत काही तडकलं नसतं. तेवढे दिवस तिने रस्ता तरी पाहिला असता.

फोन वाजला.

"बाई आहेत का?" पलीकडून आवाज आला. "त्यांनीच उन्हाळ्यात फोन करा म्हणून सांगितलं होतं. आमच्याकडे ऊन थेट आत येतं हो. फिल्म लावली तर काच राहील ना?"

मुलगी स्वयंपाकघरातून धावत आली, फोन घ्यायला. त्याने तो दिला नाही.

"काच राहते," तो म्हणाला. "आमची राहिली." मग त्याने तिच्यासारखंच, एकेक करून विचारायला सुरुवात केली. "एकेरी आहे की दुहेरी?"

"पण बाई कुठे आहेत?"

त्याने पलंगावरच्या उन्हाकडे पाहिलं. "ती उन्हाळ्यात असणार होती," तो म्हणाला, आणि पुढचा प्रश्न त्याला आठवेना.