सगळं गाव टिपरवर लावतं तेव्हा

समजा, तुम्ही आठ वर्षांचे आहात आणि शर्यतीत धावणारी एक कुत्री तुम्ही पिल्लापासून वाढवली आहे. आमच्या आयर्लंडमधल्या ऑर्लाने तशी टिपर वाढवली होती. रोज पहाटे तिला फिरवायचं, मग तिचे पाय चोळायचे.

पहिल्या कम्युनियनला, म्हणजे चर्चमधल्या लहान मुलांच्या विधीला, पांढरा झगा घालून ऑर्ला घरोघर गेली, तेव्हा मावश्या-आत्यांनी तिच्या मुठीत नोटा कोंबल्या होत्या. शर्यतीच्या दिवशी त्या तिने वडिलांच्या, फिनबारच्या हातावर ठेवल्या. लहान मुलांना पैज लावता येत नाही ना!

"सगळे टिपरवर लाव हं, डॅडी."

फिनबार परत आला. तिकिटावर नंबर होता तीन. टिपर तर लाल जाकिटात, एक नंबरला.

"हे काय?"

"अगं वेडे, सगळं गाव टिपरवर लावतंय! जिंकली तरी हातात चणे-फुटाणे येतील. शहाण्या माणसाने गर्दीच्या उलट जावं."

"ती आपली आहे!"

"पैजेत आपलं-परकं नसतं, बाळ."

पिंजऱ्यांची दारं उघडली. सहा कुत्री सुटली. टिपर दुसरी आली, तीन नंबर शेवटी. जिंकली निळ्या जाकिटाची, जिच्याकडे कुणी पाहिलंही नव्हतं.

आणि हा बाप मांडीवर थाप मारून म्हणतो, "बघ! गाव चुकलं की नाही?"

अजूनही आठवलं की माझं डोकं तापतं. अरे, गाव चुकलं म्हणून तू बरोबर ठरलास का? टिपर सोडून पाच कुत्री उरत होती!

पैजा घेणाऱ्या मिसेस कूगन पिशवीची चेन ओढत हसल्या. "फिनबार, गर्दीवालेही माझे आणि उलटवालेही माझेच. येत जा रे."

ऑर्लाच्या कानशिलापर्यंत लाली चढली होती. "माझे पैसे होते ते."

"टिपरवर लावले असते तरी गेलेच असते ना?"

"गेले असते. पण टिपरवर गेले असते!"

"बरं, पुरे झालं. दोरी दे इकडे."

ऑर्लाने दोरी मनगटाला दोन वेढे घालून घट्ट केली. धापा टाकणाऱ्या टिपरला घेऊन ती पैसे हरलेल्या गावकऱ्यांच्या व्हॅनमध्ये चढली, आणि बापाच्या तोंडावर दार ओढून घेतलं.