टरफलाचं तेल

"हात दाखव," मी म्हटलं.

वनमालाने दोन्ही हात पुढे केले. गोरेपान, मऊ हात, मनगटात काचेच्या बांगड्या. मी एक हात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला, बाजारात वांगं बघतात तसा. वयाने ती माझ्या आईच्या जवळपासची, पण मी मुद्दाम अगं-तुगं केलं.

"काम घाण आहे. जमेल ना?"

"जमेल ताई. संपात मुलाची गिरणी गेली. लालबागची खोली विकून आता इथे मुलुंडला डोंगराखाली आलोय. काय असेल ते काम द्या."

ताई म्हणाली मला. खोटं कशाला बोलू, काळीज गार झालं. हा दिवस दिसू दे म्हणून मी वेतोबाला नवस बोलले होते.

आमच्या शेडमध्ये कोकणातून काजूची टरफलं येतात, ट्रक भरभरून. गर मोठ्या लोकांच्या बशीत जातो आणि फेकून द्यायचं ते टरफल आमच्याकडे. ते तापवून घाण्यात दाबलं की काळं, दाट तेल निघतं. रंगात जातं, मोटारीच्या ब्रेकात जातं. दुसऱ्यांच्या कचऱ्यावर आमच्या शेठने फियाट घेतली. पण हे तेल कातडीला लागलं की बिब्ब्यासारखं उततं. म्हणून सकाळी आधी खोबरेल चोळायचं, त्यावर राख लावायची, मगच टरफलाला हात घालायचा. तरीही हात काळे पडतातच, पण निदान सोलून निघत नाहीत. नव्या बाईला हे मुकादमीण शिकवते. मुकादमीण म्हणजे मी, शेवंती.

आणि वनमाला कोण, तर मला नाकारून गेलेली सासू. मी विशीत होते, नुकती या कामाला लागले होते. भांडुपच्या आमच्या खोलीत ती आपल्या काशीरामसाठी मला बघायला आली. मुलगा गिरणीत कायम, त्यामुळे बाई नाकाने कांदे सोलायची. आठवडाभर मी हात लिंबाने, बेसनाने, शेवटी विटकरीने घासले होते. तिने माझा हात धरला, उलटा केला आणि बाबांच्या देखत सोबत आणलेल्या आपल्या नणंदेला म्हणाली, "काय गो, ह्या हातची भाकरी कोण खातला?" दोघी हसल्या. पोहे मात्र पुन्हा मागून घेतले. ती घरी पोचायच्या आत तिचं ते वाक्य अख्ख्या चाळीत पोचलं. पुढे जो येईल तो आधी माझे हात बघायचा. मग बाबांनी कुणाला बोलावणंच सोडलं. आता बाबा नाहीत, आई नाही. मी करते आणि मीच जेवते.

अशा बाईला मी राख का दाखवू?

सगळ्यांचं तेल-राख उरकल्यावरच मी तिला आत घेतलं. आमचे करडे हात बघून तिला वाटलं असेल, कामाचीच घाण आहे. द्रौपदी माझ्या बाजूला बसते, जालन्याकडची, मनाने हळवी. ती तेलाची वाटी घेऊन उठली.

"द्रौपदे, बस खाली."

"अगं, तिच्या हाताची वाट लागेल ना."

"तिने विचारलं का तुला? मग झालं."

संध्याकाळपर्यंत वनमाला हात खाजवायला लागली. दुसऱ्या दिवशी बोटं सुजली. मग फोड आले, फुटले, तळव्याची साल निघाली. चिंध्या गुंडाळून ती टरफलं उपसत राहिली. मला ते दिवस दोन घास जास्त गेले. कुणी काही म्हणा, करावं तसं भरावं.

फक्त एक सलत होतं. ती मला ओळखत नव्हती. ज्याला मारलं त्याला कुणी मारलं ते कळायला नको? त्याशिवाय मारण्यात अर्थ काय?

दुपारच्या सुट्टीत तिला डब्याचं झाकण उघडत नव्हतं. मी समोर जाऊन बसले.

"मला ओळखलंस?"

"मुकादमताई ना तुम्ही."

"त्याच्या आधी. भांडुपला आली होतीस मला बघायला, काशीरामसाठी."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. प्रामाणिकपणे आठवत होती, तेच तर वाईट.

"छप्पन पोरी बघितल्या ओ आम्ही तेव्हा. शेवटी गावचीच केली. तुम्ही खंयच्या म्हणालात?"

माझं डोकंच फिरलं. अकरा वर्षं मी जिच्या नावाने बोटं मोडली, तिच्या लेखी मी छप्पनातली एक. मी सगळं सांगितलं. तिचं जांभळं पातळ, नणंदेच्या नाकातली मोरणी, बाबांची खाली गेलेली मान. फक्त तिचं ते वाक्य सांगितलं नाही, ते तिच्या तोंडून यायला हवं होतं. बायकांचे घास हातात राहिले. वनमाला घाबरली, काम जातंय असं तिला वाटलं.

"हो हो, आठवलं," ती घाईघाईने म्हणाली. "भांडुपची ना? आठवलं तर."

"मग काय म्हणाली होतीस मला?"

तिने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग मालकाकडे बघून हसतात तसं माझ्याकडे बघून हसली.

"चांगलंच म्हटलं असेन, ताई. पोरगी कामाची आहे, असंच म्हटलं असेन."

दुसऱ्या दिवशी मी स्वतः तिच्या हातांना खोबरेल लावलं. बायकांना वाटलं शेवंतीला दया आली. दया कसली डोंबलाची. हात गेले तर ती काम सोडून जाईल, आणि तिला आठवेल तेव्हा ती मला समोर हवी आहे.

आता रोज सकाळी ती हात पुढे करते, मी चोळते आणि विचारते, "काय म्हणाली होतीस?" रोज ती घाबरून काहीतरी नवं, गोड सांगते. काल म्हणाली, "माझ्या मनात तुम्हीच भरला होतात, ताई. सून करायची तर हीच, म्हटलं मी. घरच्यांनी ऐकलं नाही."

खोटं बोलत होती, मला काय कळत नाही? पण मी पुढचं काही विचारलं नाही. तिची बोटं एकेक करून चोळत राहिले.